पादरीबाबांना बोलू द्या

पादरी सॅम्युएल खंडारे यांच्यावर अन्याय झाला तो नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, दुसरं गीत संपल्यावर. पांढरकवड्यातल्या त्यांच्याच चर्चमध्ये चर्चसमितीच्या अध्यक्षांनी पत्र वाचलं: पादरी राजकारण करतात, सबब त्यांना उपदेश करण्यास मनाई आहे. पादरीबाबा पहिल्या बाकावर बसून ऐकत होते. अध्यक्ष एका शब्दावर अडखळले, तेव्हा तो शब्द पादरीबाबांनीच सांगितला.

राजकारण काय केलं, ते मी सांगतो. पत्रकं मीच लिहीत होतो.

गावातल्या जिनिंग कारखान्यात कापसातला कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी संडास नव्हता. शांताबाई आत्राम आणि आणखी दहा जणी कामाच्या वेळेत शेजारच्या तुरीच्या शेतात गेल्या, म्हणून त्यांना कामावरून काढलं. आम्ही युनियनवाले फाटकासमोर धरणं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या झग्यातले पादरीबाबा सायकलवरून आले आणि लाल झेंड्याखाली मांडी घालून बसले. यातली एकही बाई ख्रिस्ती नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं.

"मी इचारलं काय तुले?" ते म्हणाले.

त्यांची एक खोड आहे. ज्याच्याशी भांडायचं, त्याच्यासाठी ते आधी प्रार्थना करतात. मॅनेजर बाहेर आला, तसं यांनी विचारलं, "साहेब, घरी कोणी बिमार आहे काय?" त्याने आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. मी भडकलो.

"बाबा, हा वर्गशत्रू आहे."

"असन बापू. त्याच्या मायच्या गुडघ्यायनं काय केलं?"

सगळ्यांनी डोळे मिटले. नाइलाजाने मीही मिटले. उघडले तेव्हा मॅनेजर मागच्या फाटकातून मोटरसायकलवर पसार झालेला.

शांताबाई म्हणाली, "बाबा, तुमचा देव आयकून राह्यला, अन् हा पळून राह्यला."

दुसऱ्या दिवशी पादरीबाबांनी मॅनेजरचा हात दोन्ही हातांत धरूनच प्रार्थना सुरू केली. आधी गुडघे. मग त्याची मुलं. मग अकरा बायका, एकेक नाव घेऊन, त्यांना कामावर परत घेण्यासाठी. मग संडास: दोन असावेत, नळ असावा, दाराला आतून कडी असावी. ऊन चढलं. अर्ध्या तासाने, सुटका व्हावी म्हणून, मॅनेजर मोठ्याने "आमेन" म्हणाला.

बाबांनी डोळे उघडले. "आमेन म्हंजे तसंच होवो. साहेबायनं सगळ्यायसमोर कबूल केलं. बापू, कागद दे."

माझ्याजवळ पत्रकच होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर मॅनेजरने लिहून दिलं आणि सही केली. पुढच्या बाजूला मी त्याला रक्तपिपासू म्हटलं होतं. त्याने उलटून पाहिलं नाही.

अकरा जणी कामावर परतल्या, दोन संडास झाले. मग जिनिंगमालक समितीच्या अध्यक्षांना भेटला, आणि ते पत्र निघालं.

आता रविवारी बाबा गप्प बसून असतात. मी विचारलं, "बोलावंसं वाटत नाही?"

"वाटते ना. तीस वर्षांची सवय आहे. घरी कोंबड्यायले सांगतो. त्या मधातच उठून जातात."

येत्या रविवारी समिती या मनाईचा शेवटचा निर्णय करणार आहे. पांढरकवड्यात राहत असाल, तर दहाच्या आत चर्चवर या. त्या मंडळीतले असाल, तर उभे राहून विरोध नोंदवा. नसाल, तर आवारात थांबा. अकराही जणी खाडा करून येणार आहेत. तुम्ही घरी बसू नका.