पंपाचं बटण आणि खोडदच्या लग्नाची कॅसेट

परवा एका ग्रुपवर कुणीतरी आपल्या नव्या कॉम्प्युटरचा फोटो टाकला. आत निळे दिवे, पाण्याच्या नळ्या... आणि खाली प्रश्न, 'पंप आणि पंख्यांचा स्पीड किती ठेवू? आवाज फार येतो.' उत्तर लिहायला घेतलं आणि हात थांबला.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. नारायणगावात माझ्या थोरल्या दिरांचा, भाऊंचा, फोटो स्टुडिओ होता. शूटिंग आणि गिऱ्हाइकं ते बघायचे, लग्नाच्या कॅसेटचं एडिटिंग मी करायचे. वर पत्रा. मे महिन्यात दुपारी कॉम्प्युटर इतका तापायचा की अर्ध्या कामात बंद पडायचा.

मग पुण्यातल्या ओळखीच्या एका मुलाकडून मी पाण्यावर थंड होणारा जुना सेट आणला. पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि पंखे ते पाणी गार करतात. पुढे दोन गोल बटणं, एक पंपाचं, एक पंख्यांचं.

ती बटणं नेमकी किती फिरवायची ते जमायला मला बरेच दिवस लागले. काम लावायचं, पाणी किती तापतं ते बघायचं, मग थोडं फिरवायचं. एका मर्यादेपुढे पंप वाढवून फक्त आवाज वाढतो, पण फार कमी केला तर पाणी जागच्या जागी तापत राहतं. शेवटी जमलं... भर दुपारी मशीन न थांबता चालायला लागलं. मला किती आनंद झाला होता, काय सांगू!

भाऊंना मात्र आवाज खटकायचा. "गिरणी चालवतीस का स्टुडिओ?" गिऱ्हाईक आलं की ते बटणं कमी करायचे, ते गेलं की मी पुन्हा वाढवायचे. असं रोज चालायचं. समजावून सांगितलं तर म्हणायचे, "चार पंखे फिरवायला कसली आलीय अक्कल!"

त्यात खोडदच्या एका लग्नाचं काम आलं. मुलीचे वडील लग्नानंतर महिन्याभरातच अचानक गेले. त्यांची बायको, इंदूबाई, दोनदा येऊन सांगून गेली होती, "ताई, घाई न्हाई... पण नीट करा."

मी सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या. भाऊंना म्हटलं, सीडी होईपर्यंत या पुसू नका. सीडीचं काम लावलं आणि दोन दिवसांसाठी माहेरी, निरगुडसरला गेले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघताना हात जोडून सांगितलं, बटणांना हात लावू नका.

परत आले तर कॉम्प्युटर बंद. दोन्ही बटणं अगदी कमीवर. पाणी तापून नळी मऊ पडली होती, जोडावरून निसटली होती आणि सगळं पाणी हार्ड डिस्कवर सांडलं होतं.

"पार्टी बसली व्हती बुकिंगला. जरा कमी केलं, नंतर राहून गेलं," भाऊ म्हणाले. आणि कॅसेट? त्यांच्यावर आदल्याच दिवशी दुसरं लग्न शूट झालं होतं.

हार्ड डिस्क पुण्याला पाठवली. काही निघालं नाही.

इंदूबाई आली तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच भाऊ बोलून मोकळे झाले. "आमच्या हिनं पाण्यावर कॉम्प्युटर चालवायचं खूळ आणलं. सांगून सांगून थकलो आमी."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. "बटण मी नाही फिरवलं, भाऊ," मी म्हटलं. बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर. भाऊंचा चेहरा उतरला. पण इंदूबाई माझ्याकडेच बघत होती.

"बटन कुणी फिरवलं त्याचं मी काय करू, बाई?" ती म्हणाली. "फोटो हायेत माझ्याकडं. पर फोटोत माणूस बोलत न्हाई."

भाऊ फोन घ्यायला बाहेर गेले. जरा वेळाने तिनेच विचारलं, "तुमी पाह्यलं व्हतं ना समदं? काय म्हणले ते?"

तिला जवळ बसवलं आणि आठवेल तेवढं सांगितलं. पाठवणीच्या वेळी तिचे यजमान टोपी काढून उभे होते. लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला सांगून ठिवलंय, दाराला आतून कडी घालायची न्हाई. तू कवाबी येशील."

इंदूबाई रडता रडता एकदम हसली. "खोटं बोलले! मला कायबी सांगितलं न्हाई." मग पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं.

त्या दिवशी घरी मात्र सासूबाईंनी मला धारेवर धरलं. थोरल्या दिराचा चारचौघांत अपमान केला म्हणून. नवरा ताट उचलून आत गेला. काय गेलं, कुणाचं गेलं, हे एकानेही विचारलं नाही... मी पुन्हा त्या स्टुडिओत पाय ठेवला नाही. पुढे मंचरला एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. भाऊ आजही पाहुण्यांना हा किस्सा सांगतात, आणि त्यात खूळ माझंच असतं.

परवा ग्रुपवर विचारणाऱ्या त्या मुलाला शेवटी एवढंच लिहिलं, आवाज सहन कर, पंप कमी करू नको.

राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण घरात, दारात सगळे चूक कुणाची तेच विचारत होते, आणि जिचं सगळं गेलं तिने मला 'काय पाहिलं' ते विचारलं. त्या एका प्रश्नासाठी मी इंदूबाईची कायमची ऋणी आहे.