वडप्याचा सीमावाद

पुण्याहून भिवंडीची एसटी पकडली तेव्हा मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. मुलांना दरवर्षी सांगते, एका देशाने नकाशावर रेघ ओढली म्हणजे सीमावाद होत नाही. दुसऱ्याने ती ठामपणे नाकारावी लागते. एका हाताने टाळी वाजत नाही, तसंच. माझा स्वतःचा सीमावाद वडप्याला, चुलतभाऊ रघूदादाशी. आमच्या दोन खाचरांमधला (भातशेतांमधला) बांध तो दर उन्हाळ्यात स्वतःच्या बाजूने कोरतो, तेवढीच भाताची एक ओळ जास्त लावायला. मग मी जाऊन भांडते. आई-वडील गेल्यापासून गावी जायला तेवढंच निमित्त उरलंय.

भिवंडीच्या स्टँडबाहेर रिक्षावाल्याला वडपे सांगितलं.

"कौनसा गोडाऊन, मॅडम?"

"गोडाऊन नाही. शेतावर जायचंय."

"अभी उधर शेत किधर मिलेगा?" म्हणत त्याने रिक्षा सुरू केली. हायवेवर कंटेनरांच्या रांगेत रिक्षा रखडली. धूळ खात मी भांडणातली वाक्यं जुळवत बसले.

दादा ओट्यावर एकटाच होता. वहिनी लेकाकडे कल्याणला गेलेली, ती तिकडचीच झाली. त्याने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. जेवून आम्ही शेतावर गेलो. त्याच्या खाचरात गोडाऊनसाठी मुरुमाचा भराव पडला होता. बांध मात्र जागेवर होता. उलट गेल्या वर्षी कोरलेली माती त्याने परत लावून दिली होती.

मी उगाच म्हणाले, "तरी हातभर तुझ्याकडेच गेलाय."

"गेला आसंल. घे तुला पायजे तितका. मी न्हाय म्हंतच न्हाय."

"दादा, एकदा नाही म्हण की."

"कशापायी, बाय? कोरून आता लावू काय?"

मला रडू आलं. तो भरावाकडे बघत उभा राहिला.

निघताना नेहमीसारखं म्हणाले, "पुढच्या वर्षी येते भांडायला." दरवेळी तो म्हणायचा, "ये, कोरून ठेवतो." या वेळी म्हणाला, "उनाचा कशाला तरास घेतंस?"

परतीच्या एसटीत शेजारची सीट पुण्यापर्यंत रिकामी राहिली. वर्गात सांगते ती व्याख्या बरोबरच होती. बांध अख्खा माझा झाला होता, आणि त्या गावात मला नाही म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.