गोफण फिरवणारी बाई

त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पाटी रंगवायला म्हणून गेलो होतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची शेवटची वर्षं होती. चित्रकलेची परीक्षा पास होऊन मी शाळेतल्या नोकरीची वाट पाहत होतो, तोवर परभणीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचो. माझ्या हाताचं नाव होतं, आणि ते मलाही चांगलं ठाऊक होतं.

क्लासच्या मालकांना शेती प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता. लोक थांबावेत म्हणून त्यांना एक गेम हवा होता. मचाणावरची बाई गोफण फिरवते आणि ज्वारीवर उतरलेली पाखरं उडवते, एवढाच खेळ. प्रोग्राम ते स्वतः लिहिणार होते, चित्रं त्यांनी मला सांगितली. मी आठ दिवसांत चोवीस चित्रं काढली, काळ्या शाईत, लुगड्याच्या चुण्यांसकट. वही भरभर उलटली की बाईचा हात फिरायचा. मालक पाहतच राहिले.

पण कागदावरचं चित्र उचलून मशीनमध्ये घालायची काही सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. ग्राफपेपरचे चौकोन पेन्सिलीने काळे करायचे, ते आकड्यांत मांडून मशीनला द्यायचे, मग पडद्यावर तेवढेच ठिपके हिरवे उजळायचे. हे काम मालकांनी क्लासमधल्या एका मुलीला दिलं. ती सोनपेठकडची. घरची थोडी कोरडवाहू जमीन, आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे. ती परभणीत मावशीकडे राहून शिकत होती. हाताने तिला सरळ रेघसुद्धा ओढता येत नव्हती.

दोन दिवसांनी माझी बाई पडद्यावर आली. तोंड तीन ठिपक्यांचं, चुण्या गायब, हात म्हणजे वाकडी काठी. हिनं मुद्दाम बिघडवलंय, असं मी मालकांसमोर म्हणालो. ती रागावली नाही. खुर्चीवरून उठली.

"दादा, तुमी बसा. तुमच्या हातानं भरून बघा."

मी दुपारभर चौकोन भरत बसलो. माझी बाई तिच्यापेक्षाही वाईट निघाली.

मग तिने मालकांना विचारून स्वतःची बाई केली. सोळा चौकोन रुंद, सोळा उंच, आणि चित्रं फक्त सहा. नाक नाही, डोळे नाहीत. पण ती हलायला लागली आणि मी आतून जळालो. दगड सुटायच्या आधी तिची बाई कंबरेतून जराशी मागे झुकायची, सुटला की एक पाऊल पुढे यायची. माझी बाई चोवीस चित्रांत नुसता हातच फिरवत होती. हे कुठं बघितलंस, असं मी विचारलं. आईबाप कारखान्याकडे गेले की ती आणि तिची चुलती मिळून ज्वारी राखायच्या, असं तिने सांगितलं.

मालकांचं ठरत नव्हतं. गेमचा नाद सोडा, माझीच चित्रं मोठी करून लावा, असं मी त्यांना सुचवलं. लाईट गेली तर पडदा काळा, कागद कुठं जातोय, असंही म्हणालो. शेवटी त्यांनी तिला तिचीच बाई पडद्यावर मोठी करायला सांगितली आणि मला स्टॉलचा फलक रंगवायला दिला. तिने सहा नवे कागद भरले. आकडे अजून मशीनमध्ये जायचे होते.

तेवढ्यात नामांतरावरून बंद पुकारला गेला. एसटी थांबल्या आणि ती गावाकडे अडकली. मालक क्लासच्या वरच राहायचे. फलकाचं काम आहे म्हणून मी दार उघडून घेतलं. तिचे कागद टेबलावर होते. त्यातला मागे झुकण्याचा चौथा कागद मी घडी करून खिशात घातला.

ती आल्यावर तिने सगळीकडे शोधलं. मीही तिच्याबरोबर टेबलाखाली वाकून शोधलं. मग तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, खोलीच्या मधोमध उभी राहून तीनदा गरगर फिरवली, आणि कागद पुन्हा भरायला बसली. अर्ध्या तासात तिची बाई पुन्हा मागे झुकली. मला तर तसूभर फरक दिसला नाही.

प्रदर्शनात माझ्या फलकाकडे लोक जाता-जाता बघायचे आणि पडद्यापुढे दाटी करायचे. एक म्हातारी बराच वेळ थांबली. "बरोबर फिरवायलीय," एवढं म्हणून गेली. त्या दिवशी सामान बांधताना माझ्याच्याने राहवलं नाही. कागद मी नेला, असं मी तिला सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही. उद्या घेऊन या, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोटाने चौकोन मोजले.

"हा चांगला होता. खांदा हितं खाली हाय. दुसऱ्या बारीला मला ते आठवलं न्हाई."

तो कागद आठ दिवस माझ्याजवळ होता. मी रोज काढून बघायचो. खांदा मला एकदाही दिसला नव्हता.

प्रदर्शन संपलं होतं, तो गेम आता कुणी बघणार नव्हतं. तरी ती मशीनपुढे बसली आणि खांदा दुरुस्त केला. मी मागे उभा होतो. लाज वाटायला हवी होती, वाटतही होती, पण त्याहून जास्त मला तिचा हेवाच वाटत होता. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. वर्षभरात तिला पुण्याला नोकरी लागली, मला पालमच्या शाळेत.