आत्याचा उजवा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले, तर जरा थांबा.

वैशाली आणि मी कोल्हापुरात एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. एम.एस्सी.पासूनची मैत्री. गवती चहाच्या तेलानं त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, असं तिला प्रयोगात दिसलं. काचेच्या बशीत हं — माणसाच्या अंगावर नाही. हे ती स्वतःच प्रत्येकाला बजावायची. पेपरवाल्यानं नेमकं तेवढंच गाळलं आणि तिचा फोटो मात्र मोठा छापला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मीही घेतला आणि तसाच कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मार्क कायम मला जास्त असायचे. मग फोटो तिचा का?

त्याच आठवड्यात शिरोळहून आत्या आली. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनंच. तरुणपणी गुऱ्हाळात उकळता रस सांडून तिचा उजवा हात भाजला होता. त्या जुन्या व्रणावर आता जखम झाली होती आणि काही केल्या भरत नव्हती. कडा उचललेल्या. अशी जखम कॅन्सरची असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं? होतं. चांगलं ठाऊक होतं.

आत्यानं तो पेपर घडी घालून आणला होता. "तुझ्या मैतरणीचं त्ये त्याल लावू काय गं? का डाक्टरला दावू?"

मी तिला तशीच रिक्षात घालून डॉक्टरकडे नेऊ शकत होते. पण मनात काय आलं — सांगू? लावू दे. गुण येणार नाहीच. मग कळेल सगळ्यांना, वैशालीचं संशोधन कसलं ते.

"लाव की," मी म्हटलं. बाजारातून तेलाची बाटलीही मीच आणून दिली.

पावसाळा सरला, ऊसतोड झाली. आत्या तेल लावत होती. फोनवर विचारलं, की म्हणायची, जरा झोंबतंय, म्हणजे गुण येत असंल. शेवटी दवाखान्यात नेलं, तोवर कॅन्सर हाडात उतरला होता. हात मनगटापासून काढावा लागला.

वैशाली भेटायला आली. "पेपरवाल्याला मी दुरुस्ती छापायला लावायला हवं होतं, सगळं माझ्यामुळं झालं," म्हणत रडली. मी शेजारीच उभी होते. आत्यानं तिला जवळ घेतलं आणि उरलेल्या हातानं तिचे डोळे पुसले. "तुजा काय दोस न्हाय, बाळ," म्हणाली.

वैशालीनं ते काम कायमचं सोडलं.

आणि मी? आत्या तिचे डोळे पुसत होती ना — तेव्हाही मला वैशालीचा हेवाच वाटत होता.