निकालाआधीचे आभार

आमची मुलगी बोलताना अडखळते. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडकून बसतं. म्हणून सांगलीच्या निवासी शाळेत पाचवीच्या प्रवेशासाठी मुलाखत आहे म्हटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "कशाला पोरीला तोंडघशी पाडता?" मी म्हटलं, "तिला सगळं येतंय. जरा उशिरा येतंय, एवढंच."

नवरा फौजेतून सुट्टीवर आला होता. रहिमतपूरहून आम्ही तिघं सकाळच्या गाडीने गेलो.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. "कुठून आलीस?" त्यांनी विचारलं. "र... र..." सुरू झालं. नवऱ्याने सवयीने गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर मॅडमनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. घड्याळाकडे नाही, कागदाकडे नाही, त्या फक्त पोरीकडे बघत राहिल्या. "रहिमतपूर," ती म्हणाली. "बरं. तिथं तुला काय आवडतं?"

मग विहिरीत पोहायला कशी शिकली ते पोरीने सांगितलं. पाठीला रिकामा डबा बांधून वडिलांनी कसं ढकललं, नाकात पाणी कसं गेलं, सगळं. मध्ये चार-पाचदा अडकली. मॅडमनी एकदाही तिचा शब्द पुरा केला नाही. शेवटी हसून विचारलं, "आणि डबा कधी सोडलास?"

"म... मीच सोडला. ब... बाबा बघत नव्हते तवा."

हे मात्र आम्हालाही नवीन होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी मॅडमना दोन शब्द बोलून येते."

"आत्ता?" नवरा म्हणाला. "निकाल लागायच्या आधी? लाडीगोडी लावतीय म्हणतील."

"म्हणू देत. निकालाचं आणि ह्याचं काय देणंघेणं न्हाई."

मी वळले तशी पोरीने माझा हात धरला. "म... मी बोलते."

मॅडम पुढच्या मुलाला बोलावायच्या बेतात होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "काही राहिलं का?"

"आभार मानायचं राहिलं," मी म्हटलं आणि पोरीला पुढे केलं.

"थ... थ..." या वेळी फारच वेळ लागला. दारात पुढचे आईबाप खोळंबले होते. मॅडम तशाच थांबल्या, मीही थांबले.

"थँक्यू मॅडम. त... तुमी थांबलात."

मॅडमनी मान हलवली. मग म्हणाल्या, "निकालाबद्दल मी आज काही सांगू शकत नाही हं."

"विचारलंच न्हाई," पोरगी म्हणाली. या वेळी अजिबात न अडखळता. मॅडम मोठ्याने हसल्या.

गाडी चुकली. पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनवर वडापाव खात बसलो आणि नवरा पुन्हापुन्हा विचारत राहिला, "खरंच मी बघत नव्हतो व्हय गं?"

प्रवेश मिळाला. नसता मिळाला तरी मला त्या दुपारचा आनंदच वाटला असता. पोरगी अजून अडखळते. वर्गात मात्र हात वर करते, आणि शब्द येईपर्यंत खाली घेत नाही.