नैसर्गिक धुराचा खोकला

आमच्या वर्तकनगरच्या घरात रोज सकाळी साडेसातला बाबा अगरबत्ती लावायचे आणि आई स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायची. आईला दमा, बाबांना श्रद्धा. दोन खोल्यांत ही दोन दुखणी एकत्र नांदणं शक्य नव्हतं. म्हणून दाराखाली ओलं फडकं कोंबायचं आणि एक्झॉस्ट पंखा लावायचा, असा तह माझ्या जन्माआधीच झालेला. घरात धूर नको, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी कुठे सिगरेट ओढतो?"

मी आमच्या पर्यावरण गटाची पत्रकं लिहिते. "विषारी अगरबत्ती हटवा! नैसर्गिक अगरबत्ती घरी बनवा!" हे माझंच. बाबांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"छान आहे. मग बनव की. तुझी तयार झाली की माझी बंद."

हे आव्हान होतं. आईला बाहेरच्या खोलीत बसवायचंच, असं मी ठरवलं.

शिकायला घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये गेलेले. क्लबहाऊसमध्ये 'निसर्गाकडे परत' नावाची कार्यशाळा होती. निसर्गाकडे पोचायला ट्रकच्या मागे सव्वा तास लागला. आत एसी. शेणाची पूड चकचकीत पाकिटात, पाकिटावर हसरी गाय. खरी गाय बाहेर गेटपाशी उभी होती आणि वॉचमन तिला काठीने हाकलत होता. टेबलाभोवती वीसेक बायका रबरी हातमोजे घालून शेण मळत होत्या. बांबूच्या काड्या पाहून एकीने हात मागे घेतला, "बांबू जाळत नाहीत हं आमच्यात, तिरडीचा असतो." शिकवणाऱ्या ताईंनी लगेच तोडगा काढला: काडी नको, नुसत्या कांड्या वळा. मग त्यांनी पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि सगळ्यांच्या गोळ्यांवर थेंब थेंब टाकत निघाल्या.

मी विचारलं, "ताई, यात काय आहे?"

"सुगंध."

"कशाचा?"

"मोगऱ्याचा."

"म्हणजे मोगरा आहे?"

"अगं, मोगऱ्याचा फील आहे!"

मी माझा गोळा झाकून घेतला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घरी आल्यावर सगळं अस्सल करायचं ठरवलं. कॉलनीतल्या देवळाच्या पुजाऱ्यांनी निर्माल्याची पिशवी इतक्या आनंदाने दिली, की मीच कचरा उचलायला आलेय असं वाटावं. झेंडूच्या हारांतून जरीचे धागे, प्लास्टिकचा दोरा आणि एक स्टेपलची पिन निघाली. शेणासाठी तबेल्यात गेले. तिथला भय्या प्रामाणिक, म्हणाला, "भैंस का है दीदी, चलेगा?" मी म्हटलं, चलेगा. देवाला कळणार नाही याची खात्री होती. बाबांना कळू नये एवढीच काळजी. वाळलेल्या पाकळ्यांची पूड, शेण, राळ, थोडा कापूर, सगळं कणकेसारखं मळलं. कांड्या वळून गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. चार दिवस वाळवायच्या होत्या. मी दोन दिवसांत उचलल्या, कारण रविवारी पत्रकं वाटायची होती आणि त्याआधी मला जिंकायचं होतं.

शनिवारी सकाळी आईला हाताला धरून बाहेर आणलं.

"आई, आज इथेच बस. हा धूर नैसर्गिक आहे."

ती बसली, दम्याचा पंप मुठीत धरून. बाबांनी कांडी पेटवली. अर्धवट वाळलेली ती कांडी जळेना, नुसती धुमसत राहिली. महापालिकेची डासांची गाडी घरात शिरावी तसा धूर झाला. 'सुखकर्ता' संपायच्या आत आईच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. बाबांच्या हातातली घंटा थांबली.

आणि मी काय म्हटलं? "जरा थांब ना, सुरुवातीला होतं असं." माझ्या आईला श्वास घेता येत नव्हता आणि मी माझ्या पत्रकाची बाजू घेत होते.

आईने पंप घेतला, बाबांनी खिडक्या उघडल्या. शिट्टी थांबल्यावर ती बोलली.

"ह्यांचा देव, तुझा निसर्ग. माझी छाती कुणाचीच नाही."

मी उरलेल्या कांड्या कचऱ्यात टाकल्या.

रविवारी मी जुनी पत्रकं वाटली नाहीत. नवी लिहिली: "धूप कसलाही असो, दमेकऱ्याच्या घरात धूर नको." गटातला मित्र म्हणाला, "अरे यार, लोकांच्या भावना दुखावतील." म्हटलं, दुखावू देत. भावनांना दमा होत नाही. नवी पत्रकं वाटताना एका काकांनी माझ्यासमोर कागद फाडला आणि तुकडे रस्त्यावर टाकले. तेही मीच उचलले.

बाबांनी मात्र सोमवारी समई लावून झाल्यावर काडेपेटी हातातच धरली, आईकडे पाहिलं आणि ती शेगडीपाशी नेऊन ठेवली. देवापुढे फक्त चाफा आणि समई. आई बाहेर येऊन पाटावर बसली, दार उघडं टाकून. आरती सुरू झाली. थोड्या वेळाने ती म्हणाली,

"अहो, थांबा. तुम्ही मधलं कडवं गाळता?"

"नाही, म्हणजे... कामावर जायचं असतं..."

"इतकी वर्षं?"

बाबांनी घसा खाकरला आणि आरती पहिल्यापासून सुरू केली.