सध्या

आमचे हे चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या हाताखालच्या मुलीला तिथे सगळे सध्या म्हणतात. मला वाटायचं, संध्या. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी "ये गं संध्या" म्हटलं, तर खुदकन हसली.

"काकू, संध्या नाही, सध्या. मालक म्हणाले होते ना, 'सध्या हिला ठेवून घ्या', तेच चिकटलं. वरचं टिंब अजून मंजूर व्हायचंय."

सहा वर्षं झाली त्याला. काम ह्यांच्याइतकंच, पगार निम्मा. हे मात्र नोकरीला लागले आणि मिसरूड नीट फुटायच्या आत कायमही झाले. त्याच पगारावर आम्ही घर घेतलं. सध्याला बँकेने दारातूनच वाटेला लावलं. नोकरी पक्की नाही म्हणे. ती, नवरा आणि लेक, तिघं दिराच्या घरी एका खोलीत दाटीवाटीने राहत होती.

यंदा हे निवृत्त होणार आणि जागा सध्याला मिळणार, असं सगळेच धरून चालले होते. तेवढ्यात मालकांनी ह्यांना बोलावलं. "काका, तुमच्यासारखा हात मिळायचा नाही. आणखी दोन वर्षं थांबा, पगार तोच."

"आयतं चालून आलंय, मुकाट्याने हो म्हणा," मी बजावलं. माझ्या डोळ्यांपुढे नवा ओटा दिसायला लागला होता.

"आणि ती?"

"तिचं वय आहे अजून. थांबेल की."

"तिच्या वयात मला कुणी थांबवलं होतं का?" एवढं बोलून हे चहा प्यायला लागले. ह्यांचं असंच, भांडायला काही हाताला लागूच देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगून आले, "माझी जागा तिला द्या, कायम म्हणून. माझा हात हवाच असेल तर मी तिच्या जागेवर येतो, तिच्या पगारात." मालकांनी जरा कुरकुर केली, पण खर्च वाढत नव्हता, मग मानलं. मी आठवडाभर ह्यांच्याशी धड बोलले नाही. ओट्याची फुटकी फरशी पाहिली की अजूनही राग येतो.

परवा ती नव्या घराची किल्ली दाखवायला आली. मी दारातूनच म्हटलं, "अहो, सध्या आलीय!"

"काकू, ते नाव आता काकांचं," ती म्हणाली. "मला टिंब मिळालं." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि माझेही.

मी तिला आत घेतलं आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "अहो सध्या, चहा टाका. संध्या आलीय."